‘मला कुणीच कधी नाही म्हटलं नाही’

प्रश्न : (पत्र मोठं होतं. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देत आहे.) मी चाळिशीतला पुरुष आहे. घटस्फोटानंतर एकटेपणा घालवायला साल्सा-बचाटाच्या (जोडीने नाचायच्या लॅटिन नाचांच्या) क्लासला जाऊ लागलो आणि नाच हाच माझा आधार झाला. आता मी बऱ्यापैकी लीड करतो, म्हणजे जोडीत नाच पुढे नेतो, असं लोक म्हणतात. दर आठवड्याच्या सोशलला, म्हणजे नाचाच्या मोकळ्या मेळाव्याला, जातो. नव्या मुली कोपऱ्यात बसून राहतात, म्हणून त्यांना मुद्दाम नाचायला घेतो. मागच्या सोशलनंतर आयोजकांनी मला बाजूला घेतलं. माझ्याबरोबर नाचताना अवघडल्यासारखं होतं, असं दोघी-तिघींनी सांगितलंय म्हणे. पुढचे काही आठवडे मी क्लोज होल्ड (जोडीदाराला अगदी जवळ धरणं) आणि डिप (तिला हातावर तोलून मागे वाकवणं) टाळावेत. नावं विचारली, तर ती द्यायला नकार. माझा हेतू कधीच वाईट नव्हता. मला कुणीच कधी ‘नाही’ म्हटलं नाही. बचाटा हा नाचच मुळात जवळून नाचायचा आहे. नव्या मुली फार ताठ असतात, त्यांना सैल करायला मी थोडं जवळ घेतो, इतकंच. एकीने डिपनंतर माझा हात झटकल्यासारखं केलं होतं, पण ती हसत होती. तोंडावर न बोलता पाठीमागे तक्रार करणं हा अन्याय नाही का? नावंच कळली नाहीत, तर माफी तरी कुणाची मागू? की नाचणंच सोडून देऊ?

उत्तर :

तुमचा हेतू वाईट नव्हता, हे मी खरं धरून चालते. भिंतीला टेकून बसलेल्या नवख्यांना उठवणारी माणसं प्रत्येक सोशलला हवी असतात, आणि ती फार कमी असतात. पण आयोजकांनी तुमच्या हेतूला हातच लावलेला नाही. त्यांनी दोन गोष्टी टाळायला सांगितल्या, क्लोज होल्ड आणि डिप. तुम्ही मात्र उत्तर देताय ते चारित्र्यावरच्या आरोपाला, आणि तो अजून कुणी केलेला नाही. या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवल्यात, तर निम्मा ताप तिथेच उतरेल.

आता तुमचं ते वाक्य : ‘मला कुणीच कधी नाही म्हटलं नाही.’ त्याच्या पुढेच तुम्ही लिहिलंय की नव्या मुली फार ताठ असतात, आणि एकीने हात झटकला. म्हणजे ‘नाही’ आलं होतं. तुम्हाला ते दिसलंही होतं. नाहीतर इतक्या दिवसांनी पत्रात कशाला उतरलं असतं? फक्त त्याचा अर्थ तुम्ही आपल्या सोयीने लावलात. ताठपणा म्हणजे नाच कच्चा असणं, आणि त्यावरचा उपाय म्हणजे आणखी जवळ घेणं. समजा, एखादी मुळात जवळीक नको म्हणूनच आखडली असेल, तर हा उपाय तिच्यावर कसा चालेल? ती आणखी आखडणार, तुम्ही आणखी जवळ घेणार, आणि गाणं संपेपर्यंत तुमची खात्री पटलेली असणार की हिला अजून बरंच शिकायचंय. तिचीही कसली तरी खात्री पटलेली असेलच.

नवखी माणसं नाच येत नाही म्हणूनही ताठ असतात, हे मान्य. मग लीडने ओळखायचं कसं, हा ताठपणा कुठला आणि तो कुठला? माझ्या मते पहिल्या गाण्यात ते ओळखता येत नाही, आणि ओळखायची गरजही नाही. दोन्हींवर इलाज एकच आहे : अंतर ठेवा, साधा बेसिक, म्हणजे मूळ पावलं, नाचा, तिला वेळ द्या. चौथ्या आणि आठव्या काउंटवरचा टॅप (मोजणीतल्या त्या ठोक्यांवर पाय नुसता टेकवणं) जमू लागला की कच्चेपणातला ताठपणा आपोआप ओसरतो. दुसऱ्या जातीचा असेल, तर तो अंतरामुळे ओसरतो. जवळ घेतल्याने दोन्हींपैकी एकही ओसरत नाही.

तुम्ही चांगले लीड आहात ना, मग हे तुम्हाला एरवी ठाऊक असतंच. तुम्ही टर्न, म्हणजे गिरकी, सुचवता. तिने वजन दुसऱ्या पायावर घेतलेलं नसेल तर टर्न होत नाही, आणि शहाणा लीड तो टर्न सोडून देतो. तिला गरागरा ओढत नाही. टर्नच्या बाबतीत तुम्ही तिचं शरीर वाचता आणि ऐकता. जवळिकीच्या बाबतीत ते वाचणं अचानक बंद का होतं, एवढंच मी विचारतेय. वाचायचं काय, तेही सांगते. तिचा डावा हात तुमच्या उजव्या दंडावर किंवा खांद्यावर असतो, तो नुसता शोभेला नसतो. अंतर किती ठेवायचं हे ती त्या हाताने ठरवते. तिथे दाब वाढला, कोपर आवळलं, तळवा तुमच्या छातीकडे आला, ती अर्धं पाऊल मागे सरकली, तिचं डोकं सतत तुमच्यापासून उलट्या बाजूला राहिलं, गाणं संपताच हात तुमच्या आधी सुटला, तर ते उत्तर आहे. तुमचा उजवा हात तिच्या पाठीवर, खांद्याच्या पात्यापाशी असायला हवा. तो घसरत कमरेखाली गेला आणि तिने वर उचलून ठेवला, तर तेही उत्तर आहे, आणि ते दुसऱ्यांदा द्यायची वेळ तिच्यावर येता कामा नये.

‘पण ती हसत होती.’ हो, असेल. अवघड प्रसंगात बायका हसतात, पुरुषही हसतात. काही जण जागच्या जागी गोठतात आणि गाणं संपायची वाट बघतात. कल्पना करा : तुम्ही डिपमध्ये आहात, वजन दुसऱ्याच्या हातात आहे, डोकं शेजारच्या जोडीच्या गुडघ्यांच्या पातळीवर आलंय, भोवती तुमच्या लीडला चांगलं ओळखणारी आणि तुम्हाला न ओळखणारी माणसं आहेत. अशा वेळी माणूस काय करेल? हसेल. उभं राहिल्यावर हात झटकेल. दोन खुणा एकमेकींशी विसंगत दिसल्या तर नकाराची खूण धरायची, हा नियम स्वतःला घालून घ्या. त्यात तुमचा तोटा काय? एक डिप कमी होईल. (डिपबद्दल एक वेगळीच तक्रार माझी आहे. गर्दीच्या फ्लोअरवर, अनोळखी पाठीवर, न विचारता डिप टाकणं हे अंगाला धोक्याचं आहे. तिच्या कमरेला दुखापत झालेली आहे का, हे तुम्हाला ठाऊक नसतं. सहमतीचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला, तरी न विचारता डिप देऊ नये.)

पुढचा मुद्दा : ‘हा नाचच जवळून नाचायचा आहे.’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर जरा थांबणार आहे. बचाटा डोमिनिकन रिपब्लिकमधला. तिथलं बचाटाचं संगीत आणि नृत्य २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. तिथे तो जवळूनही नाचतात, आणि हात धरून, मोकळ्या अंतरावर, पायांच्या भराभर करामती करतही नाचतात. अंगाच्या लाटा, छातीला छाती लावून घेतलेले वळसे हे जे आपण सोशलला बघतो आणि ज्याला ‘सेन्शुअल’ म्हणतात, ती शैली स्पेनमध्ये, याच शतकाच्या पहिल्या दशकात आकाराला आली. म्हणजे एकाच गाण्यावर दोन माणसं हातभर अंतरावरून नाचू शकतात, किंवा अगदी मिठीत. गाणं काही ठरवत नाही. ठरवायचं त्या दोघांनी, आणि दोघांपैकी ज्याला जास्त अंतर हवं असेल त्याचं अंतर धरायचं.

ज्या नाचात मिठी खरोखरच मूळ गाभ्यात आहे, तो अर्जेंटिनाचा टँगो बघा. छातीला छाती, गालाजवळ गाल. पण पारंपरिक मिलोंगात, म्हणजे टँगोच्या सोशलमध्ये, नाचायला बोलावण्याची पद्धत किती जपून बेतलेली आहे. खोलीच्या या टोकावरून त्या टोकाला नजर जाते. समोरच्याने नजरेला नजर दिली, तर मान किंचित हलवून विचारायचं. त्याला ‘काबेसेओ’ म्हणतात. नको असेल तर ती व्यक्ती फक्त दुसरीकडे बघते. कुणाला ‘नाही’ म्हणावं लागत नाही, कुणाची चारचौघांत शोभा होत नाही. तीन-चार गाण्यांचा एक गट असतो, ‘तांदा’. मग ‘कोर्तिना’ हा नाचायचा नसलेला छोटा तुकडा वाजतो आणि जोड्या सुटतात. तांद्याच्या मध्येच कुणी ‘ग्रासियास’, धन्यवाद, म्हटलं, तर त्याचा अर्थ ‘पुरे’. कारण विचारायचं नसतं. जितकी मिठी घट्ट, तितका नकार सोपा करून ठेवलेला. काबेसेओ चुकूनही कुणावर जबरदस्ती होऊ देत नाही असं मी म्हणणार नाही. तिथेही त्रासदायक माणसं असतात. पण जवळून नाचायचं म्हणजे परवानगी गृहीतच, हा युक्तिवाद निदान त्या परंपरेत तरी सापडत नाही.

आपल्या सोशलला उलटं होतं. लीड थेट समोर येऊन हात पुढे करतो. अर्ध्या वेळा विचारतही नाही, मनगट धरून फ्लोअरकडे निघतो. भर सभेत ‘नको’ म्हणायला जीव घट्ट करावा लागतो. त्यात जुन्या नृत्यसभांचं एक भूत अजून फिरतं. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय बॉलमध्ये स्त्रीने एकाला नकार दिला, तर तिने तो नाच दुसऱ्या कुणाबरोबर नाचणं असभ्य समजलं जाई. हा नियम कधीच गेला, पण एकाला नाही म्हणून दुसऱ्याबरोबर नाचणाऱ्या मुलीकडे लोक अजून जरा वाकड्या नजरेने बघतात. शिवाय तुम्ही मुद्दाम नवख्यांना घेता. नवखीला इथे साधारणपणे काय चालतं हेच माहीत नसतं. इतकं जवळ घेतात, म्हणजे असाच असतो का हा नाच? मीच का बावळट? हे प्रश्न ती मनातल्या मनात विचारते. तुम्ही अनुभवी, सगळ्यांच्या ओळखीचे; ती त्या खोलीत दुसऱ्यांदा आलेली. तोंडावर सांगायला हवं होतं, ही तुमची अपेक्षा मला समजते. पण तोंडावर सांगण्याची किंमत तिला तुमच्यापेक्षा पुष्कळ जास्त पडते.

म्हणून विचारा. शब्दांत. विचारलं की नाचाची मजा जाते असं म्हणणारे लोक बहुधा कधी विचारून बघत नाहीत. ‘नाचायचं?’ असं हात मागे ठेवून विचारा, म्हणजे उत्तर येण्याआधीच हात तिच्यापुढे लोंबकळत राहणार नाही. ‘मोकळं नाचूया की जवळून?’ हे बचाटाच्या सुरुवातीला एकदा. ‘कुठे दुखापत वगैरे?’ आणि ‘डिप चालेल?’ डिपच्या आधी. उत्तर ‘हो’ असेल, तर ते त्या गाण्यापुरतं. पुढच्या गाण्याला हात न सोडता तसंच सुरू करू नका. सोडा, धन्यवाद म्हणा. तिला आणखी नाचायचं असेल तर ती थांबेल. ‘नाही’ आलं तर हसून ‘बरं’ म्हणून निघायचं. का, हे विचारायचं नाही. त्याच रात्री पुन्हा विचारायचं नाही. तिला हवं असेल तर ती येईल. आणि न मागता फ्लोअरवर शिकवणं बंद करा. ‘सैल हो’, ‘असं नाही, असं’ हे क्लासमध्ये शिक्षकाने सांगायचं. सोशलला तुम्ही शिक्षक नाही, आणि सुधारणेच्या नावाखाली लावलेल्या हाताला ‘नको’ म्हणणं सगळ्यात अवघड असतं.

फ्लोअरबाहेरचंही थोडं. क्लासच्या ग्रुपवरून नंबर काढून रात्री अकराला ‘काय छान नाचलीस’ हा मेसेज तुमच्या लेखी कौतुक असेल. जिला तुमच्याबरोबर अवघड झालं होतं, तिच्या लेखी तो दुसरा धक्का असतो. व्हिडिओ काढायचा तर विचारून, टाकायचा तर पुन्हा विचारून.

एक नाजूक गोष्ट बोलायची आहे. नाच तुमचा आधार झाला, असं तुम्ही लिहिलंत. एकट्या माणसाला स्पर्शाची भूक असते आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आठवडाभर कुणी हात धरलेला नसतो आणि शुक्रवारी कुणीतरी चार मिनिटं धरतं, याचं मोल मी कमी लेखत नाही. पण समोरची ते मोल चुकवायला आलेली नाही. ती त्या गाण्यासाठी आलेली आहे. हातातल्या माणसाकडून नाचापलीकडचं काही भरून निघावं अशी ओढ लागली, की आपण अंतर कमी करत जातो आणि आपल्याला ते कळतही नाही. तुमच्याबाबत तसंच झालं, असं मी म्हणत नाही. तपासून मात्र बघा, आणि तो एकटेपणा वाटून घेणारी चार माणसं फ्लोअरबाहेरही जोडा.

तुमच्या ‘अन्याय’ या शब्दाकडे येते, कारण त्यात काही तथ्य आहे. नावं मात्र मागू नका, आणि कोण असेल याचे अंदाज बांधत फिरूही नका. नाचणाऱ्यांचं वर्तुळ लहान असतं. तक्रार केली की नाव फुटतं असं एकदा कळलं, तर पुढची तक्रार येतच नाही. ‘तूच सांगितलंस का?’ असं तुम्ही एखादीला कितीही नम्रपणे विचारलंत, तरी तो दबाव ठरेल. माफीचंही तसंच. शोधून काढून माफी मागणं म्हणजे तिला पुन्हा तुमच्यासमोर उभं करणं. आयोजकांना सांगा की तुमची दिलगिरी आहे. ती पोचवायची की नाही, ते त्यांना ठरवू दे.

पण काही गोष्टी विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. नेमकी कुठली वागणूक खटकली? ‘काही आठवडे’ म्हणजे किती? त्यानंतर कोण, कसं ठरवणार? पुन्हा तक्रार आली तर काय होणार? हे लेखी मागा. चांगले आयोजक ते देतील. हा परिच्छेद वाचणाऱ्या आयोजकांनाही सांगते : नियम आधी लिहून दाराशी लावा, भांडण झाल्यावर नव्हे. तक्रार ऐकायला निदान दोन माणसं नेमा, दोघं एकाच गोतावळ्यातली नकोत. पहिल्या वेळी समज, मग काही काळ बंदी, मग कायमची, या पायऱ्या ठरवून ठेवा. पण गंभीर प्रकारात थेट शेवटच्या पायरीवर जायची तयारी ठेवा. प्रत्येक तक्रारीची तारखेसह नोंद करा, कारण एकेकटी किरकोळ वाटणारी तक्रार चौथ्यांदा आली की किरकोळ राहत नाही. क्लासमध्ये रोटेशन असेल तर ‘मला जोडीदार बदलायचा नाही’ म्हणण्याची मुभा पहिल्याच दिवशी मोठ्याने सांगा. आणि तक्रार नावाजलेल्या शिक्षकाविरुद्ध असेल तेव्हाही हेच नियम लावा. खरी कसोटी तिथे लागते, आणि बहुतेक आयोजक तिथेच ढिले पडतात.

हे पत्र नाचात फॉलो करणारीही, म्हणजे लीडच्या इशाऱ्यावर नाचणारीही, वाचतील, मग त्या बाया असोत की बाप्ये (फॉलो करणारे पुरुष वाढताहेत, आणि त्यांनाही नको तितके जवळ घेणारे आणि घेणाऱ्या भेटतात). ‘थोडं मोकळं नाचूया’, ‘डिप नको’, ‘मी थांबते’ ही वाक्यं घरी मोठ्याने म्हणून बघा, ऐन वेळी तोंडात आलेली बरी. गाण्याच्या मध्यात फ्लोअर सोडून जाता येतं. कारण द्यावं लागत नाही. हे जमलं नाही, तर दोष तुमचा नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलेली तक्रारही तक्रारच असते. आणि कुणी जाणूनबुजून छातीला, मांड्यांना हात लावत असेल किंवा अंग घासत असेल, तर तिथे नाचाचे शिष्टाचार विसरा. तो लैंगिक छळ आहे. आयोजकांनी काही केलं नाही, तर पोलिसांकडे जायचा तुमचा मार्ग खुला आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. नाच सोडू नका. रागाने सोडलात, तर ‘मला उगाच हाकललं’ एवढीच गोष्ट तुमच्याजवळ उरेल आणि ती वर्षानुवर्षं कडू होत जाईल. सांगितलेले आठवडे मोकळ्या होल्डमध्ये नाचा, नवख्यांना घ्यायचं थोडं कमी करा, जुन्या मैत्रिणींबरोबर नाचा आणि त्यांतल्या एखादीला, जी तोंडदेखलं बोलत नाही तिला, विचारा : ‘माझ्याबरोबर नाचताना काय नकोसं होतं?’ ती सांगेल तेव्हा सफाई देऊ नका. नुसतं ऐका.

आणि माझा खरा आग्रह हा आहे, की येत्या नव्या बॅचला फॉलो म्हणून नाव घाला. लाजू नका, पुष्कळ चांगले लीड हे करतात. दोन-तीन महिने रोटेशनमध्ये दर मिनिटाला वेगळ्या माणसाच्या हातात जा. त्यांतला एखादा मनगट आवळेल, एखादा तुमचा तोल कुठे आहे हे न बघता मागे वाकवेल, एखादा ‘सैल हो ना’ म्हणेल. त्या क्षणी तुमचं कोपर काय करतं, ते बघून ठेवा आणि मला कळवा.